चेटकिणीच्या हिरव्या चेहऱ्यातलं तांबं

ऑक्टोबर संपत आला की हॅलोवीनच्या पार्ट्यांसाठी हिरवे चेहरे रंगू लागतात आणि ‘चेटकिणी मुळात हिरव्याच असतात’ असं कुणीतरी ठोकून देतं. हा रंग लोकांच्या डोक्यात पक्का बसला तो 1939 च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मुळे. ज्या कादंबरीवर तो चित्रपट बेतला, त्यात ती चेटकीण हिरवी नाही.

चित्रपटात चेटकीण साकारणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांच्या चेहऱ्याला आणि हातांना लावलेल्या त्या रंगात तांब्याची संयुगं होती. 23 डिसेंबर 1938 रोजी धुराआगीतून अदृश्य होण्याच्या दृश्यात ज्वाळा वेळेआधी पेटल्या. त्यांचा चेहरा आणि हात भाजले, आणि भाजलेल्या कातडीवरून रंग अल्कोहोलने लगेच पुसावा लागला. त्या सुमारे सहा आठवडे कामावर नव्हत्या.

एवढी घाई का? मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या सल्फेटचं, निळं द्रावण घ्या आणि त्यात भरपूर मीठ घाला. ते हिरवं होतं. तांब्याचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असताना मुख्यतः लाल प्रकाश शोषतो, म्हणून निळा दिसतो. भोवती मिठातलं क्लोराइड आलं की जांभळ्या टोकाचा प्रकाशही शोषला जातो आणि मधला हिरवा उरतो. रंगातून हे आयन सुटे होण्यासाठी आम्ल आणि मीठ पुरतात, आणि घामात दोन्ही असतात. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं, तसंच हे.

धड कातडीवर सहसा निभावतं. सर्वांत वरचा मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो, पण पेशींच्या मधल्या स्निग्ध पदार्थांतून विद्युतभारित आयन सहज जात नाहीत. भाजल्यावर हा थरच जातो. खाली ओल्या, जिवंत ऊती. तिथे तांबं प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतं आणि रक्तातही शिरू शकतं.

अल्कोहोल झोंबतं त्याचं कारण तर फारच सुरेख आहे. मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही1 नावाचं प्रथिन असतं. एरवी ते साधारण 42 अंश सेल्सिअसला उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत सोडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा संदेश जातो. इथेनॉल हा उंबरठा सुमारे 34 अंशांवर आणतं. मग शरीराचं नेहमीचं तापमानच चटका वाटू लागतं. हॅमिल्टन यांच्या बाबतीत तर खरा भाजल्याचा दाह त्याच्या जोडीला होता.

आज रंगाच्या डब्यावर सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगद्रव्यांची यादी) 77288 हा क्रमांक शोधा. तो क्रोमियम ऑक्साइड, पाण्यात जवळपास न विरघळणारा. पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक चेहऱ्यासाठी नसतं. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून 24 तास बघा. रंग पाण्यातला असेल तर स्पंज ओला करून घट्ट पिळा, पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. एकदम जाड थापला की हसताना ओठांच्या कडेला भेगा पडतात. नाकपुड्यांच्या कडा घामाने आधी निघतात, म्हणून तिथे पावडर दाबून बसवा.

ही झाली हौस. सातपुड्याच्या काही भागांत मात्र बाईला डाकीण ठरवून मारहाण होते. करणी करते म्हणून कुणाला असं छळणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

तेलकट रंग काढताना आधी खोबरेल तेल चोळून तो सैल करा, कापसाने टिपा, मग साबण. चिकटवलेलं नाक असेल तर ते ओढू नका. त्या डिंकाचा रिमूव्हर कडेकडेने झिरपवा. ओढलं की तोच 10-20 मायक्रोमीटरचा थर निघतो.