गडद बर्बन म्हणजे जुनी बर्बन?

‘बर्बन जितकी गडद, तितकी जुनी आणि चांगली.’ हा समज अगदीच निराधार नाही. बर्बनला, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकी व्हिस्कीला, रंग येतो तो आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातून. पण गरम गोदामात तो लवकर चढतो, आणि बाटलीत भरण्यापूर्वी पाणी घातलं की फिका होतो. म्हणून वय लेबलवर पाहावं. ‘स्ट्रेट’ (म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली) बर्बन ४ वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल, तर अमेरिकी नियमांनुसार वय छापावंच लागतं.

चवीचं काय? दोन-तीन स्वस्त बाटल्या घ्या. दुसऱ्या कुणाला तरी अपारदर्शक कपांत थोडी थोडी ओतायला सांगा, तळाशी आकडे लिहून. एक बर्बन गुपचूप दोन कपांत असू द्या (खरी गंमत इथेच). त्या दोन कपांना वेगवेगळे गुण पडले, तर बाकीच्या क्रमवारीवरही फार विसंबू नका.