कोडमधून लावलेली केळीबाग

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. अशाच एका सुट्टीत पुतणीने हट्ट धरला की आपल्या शेताचा गेम करायचा. शेत म्हणजे अर्थातच केळी. रावेर-यावल पट्ट्यात वाढलेल्या पोरीला शेत म्हटलं की दुसरं काय आठवणार? आम्ही गोडो नावाचं गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी ते घडवलं आणि फेब्रुवारी २०१४मध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला.

पहिल्या दिवशी तिने माउसने एकेक खोड ओढून पडद्यावर लावलं. तेविसाव्या खोडाला ती थांबली आणि वडिलांना विचारून आली, "पाच बाय पाचवर एकरात किती बसतात?" हिशेब सोपा आहे. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, एका खोडाला २५ चौरस फूट, म्हणजे साधारण १,७४२ खोडं. आमच्या गेममधल्या शेताला आम्ही २६ खोडांची एक, अशा ६७ ओळी धरल्या. गुणाकार नेमका तेवढाच येतो. एवढी लागवड माउसने होणार नव्हती. शिवाय मृगात लावायची मृगबाग की पावसाळ्यानंतरची कांदेबाग, अंतर किती सोडायचं, हे खेळणारा खेळता खेळता ठरवणार होता. म्हणजे बाग आधी रचून ठेवता येणार नव्हती. गेम चालू असतानाच ती कोडने उभी करायला हवी होती.

गोडोमध्ये सगळं काही 'नोड' या एककातून बनतं. चित्र दाखवणारा नोड, आवाज काढणारा नोड, टक्कर ओळखणारा नोड, वेळ मोजणारा नोड. एका नोडाखाली दुसरे नोड टांगता येतात, त्यांच्याखाली आणखी, आणि असं एक उलटं झाड तयार होतं: मूळ वर, फांद्या खाली. अशा मांडणीला गणितात 'झाड' हे नाव आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने १८५७ साली दिलं. आपल्याकडची वंशावळही अशीच काढलेली असते, मूळ पुरुष वर आणि नातवंडं-पतवंडं खाली. इंजिनाची भाषाही नात्यांचीच आहे. वरचा नोड पालक, खालचा त्याचं मूल.

आमच्या एका केळीत २२ नोड होते. सगळ्यात वर एक पालक नोड, त्याच्याखाली खोड, दहा पानं आणि एक घड, आणि घडाखाली नऊ फण्या. फणीची जागा घडापासून मोजली जाते आणि घडाची केळीपासून. त्यामुळे वाऱ्याने केळ कलली की घड आणि फण्या आपोआप तिच्याबरोबर कलतात. प्रत्येक फणीला वेगळं सांगावं लागत नाही. झाडाच्या रचनेचा पहिला फायदा हाच.

ही २२ नोडांची केळ एकदाच नीट रचून फायलीत ठेवायची. त्या फायलीला गोडो 'सीन' म्हणतो. मग कोडने त्या सीनकडून हव्या तेवढ्या प्रती मागायच्या. प्रत्येक प्रत म्हणजे एक 'इन्स्टन्स'. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. केळीच्या जी-नाइन वाणाची टिश्यू कल्चरची रोपं अशीच येतात, एका निवडक मातृवृक्षापासून प्रयोगशाळेत वाढवलेली हजारो सारखी रोपं. संगणकातही ही कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३च्या आपल्या प्रबंधात 'स्केचपॅड' हा चित्र काढणारा प्रोग्रॅम मांडला. त्यात एक मूळ आकृती काढून तिच्या कितीही प्रती घेता येत, आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलत. तेव्हा प्रतीला वापरलेला 'इन्स्टन्स' हा शब्द आजही तसाच चालू आहे.

तर आम्ही कोड लिहिला: १,७४२ वेळा सीनकडून प्रत घे, तिची जागा ठरव. 'लागवड' नावाचं बटण केलं. पुतणीने ते दाबलं.

"काका, एक बी झाड दिसून नाही राहिलं."

तिने पुन्हा दाबलं. असं पाच वेळा. कोडमध्ये चूक नव्हती आणि इंजिनाने तक्रारही केली नव्हती. झाडं तयार झाली होती. फक्त ती बागेत नव्हती.

नोड तयार होणं आणि तो झाडाला जोडला जाणं या दोन वेगवेगळ्या घटना आहेत. कोडने मागितलेली प्रत संगणकाच्या मेमरीत जन्माला येते, पण गेम चालतो तो झाडावर. इंजिन साधारण सेकंदाला ६० वेळा फेरी मारतं आणि झाडाला जोडलेल्या नोडांनाच काम देतं, त्यांचीच चित्रं काढतं. रोपवाटिकेच्या ट्रेमधल्या रोपाला शेतातल्या ठिबकचं पाणी पोचत नाही, तसं या नोडांचं झालं होतं. आम्ही एक ओळ गाळली होती: प्रत घेतल्यावर 'ॲड चाइल्ड' ही आज्ञा देऊन तिला 'बाग' या नोडाखाली जोडायचं.

आणि ती न दिसणारी झाडं गेली कुठे? कुठेच नाही. गोडोमध्ये काही वस्तू अशा असतात की त्यांना कोणी वापरत नसलं की त्या आपोआप नष्ट होतात. नोड तसा नाही. तो जोडला नाही आणि मिटवलाही नाही, तर गेम बंद होईपर्यंत मेमरी अडवून बसतो. अशा नोडाला अनाथ नोड म्हणतात. एका लागवडीत १,७४२ गुणिले २२, म्हणजे ३८,३२४ नोड, आणि बटण पाच वेळा दाबलेलं. डीबगर म्हणजे चुका शोधायचं साधन, त्याच्या मॉनिटरमध्ये अनाथ नोडांची संख्या दिसते. तिथला आकडा १,९१,६२० होता. पडद्यावर रिकामं शेत आणि मेमरीत जवळपास दोन लाख अनाथ. तो आकडा बघून पुतणीला नोड आणि झाड यांतला फरक जेवढा कळला, तेवढा माझ्या बोलण्याने कळला नसता.

ओळ घातली. बाग उगवली, पण बटण दाबल्यावर गेम गोठला आणि मगच सगळी खोडं एकदम दिसली. सेकंदाला ६० फेऱ्या म्हणजे एका फेरीला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ३८ हजार नोड तयार करून जोडणं आमच्या लॅपटॉपला झेपणारं नव्हतं. इंजिन ते काम संपेपर्यंत पुढची फेरी सुरू करत नाही, म्हणून पडदा गोठतो. उपाय मजूर लागवड करतात तसाच आहे, टप्प्याटप्प्याने. दर फेरीला ३० खोडं लावायची आणि पुढच्या फेरीची वाट बघायची. ५९ फेऱ्यांत, म्हणजे जवळजवळ एका सेकंदात, बाग पूर्ण होते आणि ओळीमागून ओळ उगवताना दिसते, हे वरकड सुख. लांबून नुसती दिसण्यापुरती हजारो झाडं हवी असतील तर नोड करूच नयेत. त्यासाठी मल्टिमेश नावाची सोय आहे, जी एकच आकार हजारो जागी एका दमात काढते. आम्हाला प्रत्येक घड कापता यायला हवा होता, म्हणून नोडच ठेवले.

जोडणीचाही एक क्रम असतो, आणि मला तो फार आवडतो. फांदी झाडाला जोडली की 'झाडात आलास' ही सूचना वरून खाली जाते: आधी केळीला, मग घडाला, मग फणीला. 'तयार' ही सूचना मात्र खालून वर येते. आधी फण्या तयार, मग घड, शेवटी केळ. लग्नाला निघताना आई पोरांना घेऊन आवरायला घेते, पण सगळी पोरं तयार झाल्याशिवाय 'चला' म्हणत नाही, तसंच हे. यामुळे केळीच्या 'तयार' वेळच्या कोडला खात्री असते की आपल्या खालचं सगळं जागेवर आहे. फण्या मोजायच्या असतील तर तिथे मोजाव्यात.

हाताने लावलेली ती २३ खोडं आम्ही तोपर्यंत तशीच ठेवली होती. पुतणीने प्रत्येक केळीच्या 'तयार' कोडमध्ये लिहिलं की माझ्या पालकाखाली, म्हणजे बागेखाली, एक ठिबकचा नोड जोड. गेम सुरू होताच लाल अक्षरांत तक्रारी आल्या: पालक नोड आपली मुलं लावण्यात गुंतला आहे, जोडणी झाली नाही. बाग तेव्हा आपल्या मुलांच्या यादीवरून एकेकाला 'तयार' करत चालली होती. यादी वाचता वाचता तिच्यात भर घातली तर मोजणीच बिघडेल, म्हणून इंजिन अशा वेळी यादी कुलूपबंद ठेवतं. 'आत्ता नको, हातातलं झालं की जोड' असं सांगायची पुढे ढकललेली हाक गोडोमध्ये असते. ती वापरली की तक्रार मिटते.

यानंतरची चूक अर्धी संगणकाची आणि अर्धी शेतीची होती. केळीला बुंध्याशी पिलं फुटतात. मुख्य केळ निसवली, घड कापला, खोड तोडलं की राखलेलं पिल वाढतं आणि त्यावर पुढची पिलबाग उभी राहते. पुतणीने पिल कोडने तयार करून आईच्या नोडाखाली जोडलं. नात्याने बरोबरच वाटतं. कापणी झाल्यावर आईचा नोड मिटवायला 'क्यू फ्री' ही आज्ञा दिली. ही आज्ञा नोड लगेच मिटवत नाही. चालू फेरी संपताना मिटवते, म्हणजे कोणाचं काम मध्येच तुटत नाही. पण पालक मिटला की त्याच्याखालची सगळी फांदी मिटते. पिलही गेलं. शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "आई कापली तरी पिल राहतं ना. नाहीतर पिलबाग कशी होईल?"

तो बरोबर होता आणि आमचं झाड चूक होतं. ज्याला आपण केळीचं खोड म्हणतो ते पानांच्या आवरणांची घट्ट गुंडाळी असते. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि पिल फुटतं ते कंदातून. म्हणून आम्ही 'कंद' नावाचा नोड केला आणि आई आणि पिल दोघांना त्याच्याखाली भावंडांसारखं ठेवलं. आता आई मिटली तरी पिल उभं राहतं. नोड कशाखाली जोडायचा हे ठरवताना तो दिसतो कुठे, यापेक्षा कोण गेल्यावर तो जायला हवा, हे आधी विचारावं. मी हे त्या दुपारी शिकलो.

मग हरण्या आला. काकडीवर्गीय मोझॅक विषाणूच्या या रोगाला आमच्याकडे हरण्या म्हणतात. मावा ही कीड तो पसरवते आणि पानांवर पिवळे पट्टे येतात. गेममध्ये एका केळीला रोग लावायचा म्हणून तिच्या पानांच्या मटेरियलचा, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणाऱ्या नोंदीचा, रंग कोडने पिवळा केला, तर अख्खं एकर पिवळं पडलं. नोड प्रत्येक प्रतीचे वेगळे असतात, पण त्यांनी वापरलेली संसाधनं, म्हणजे चित्र, मटेरियल, टकरीचा आकार, ही सगळ्या प्रतींमध्ये एकच असतात. यानेच मेमरी वाचते; १,७४२ केळींना पानाचं चित्र एकदाच साठवलं जातं. ज्या गोष्टी प्रत्येकीच्या वेगळ्या हव्यात, त्यांच्यावर 'या प्रतीपुरतं' अशी खूण करावी लागते. आम्ही मटेरियलवर केली, चित्रावर नाही.

शेवटी बाग फायलीत जपून ठेवायची होती. गेमची प्रगती जपायला सहसा नुसते आकडे लिहून ठेवणं पुरतं, पण आम्हाला उगवलेली बाग तशीच्या तशी एडिटरमध्ये, म्हणजे गोडोच्या ज्या खिडकीत गेम रचतात तिथे, उघडून बघायची होती. चालू झाडापासून सीन बांधता येतो. बांधला, उघडला, आणि आत एकटा 'बाग' नोड. कारण प्रत्येक नोडाला पालकाखेरीज एक मालकही असतो, आणि सीन बांधताना इंजिन मालकाची नोंद बघतं. एडिटरमध्ये लावलेल्या नोडाला मालक आपोआप मिळतो, कोडने लावलेल्याला मिळत नाही. शेतात पीक उभं आहे पण सातबाऱ्यावर पीकपेरा लागलेला नाही, असा प्रकार. प्रत्येक कंदाचा मालक 'बाग' आहे असं, जोडणी झाल्यावर, एका ओळीत सांगावं लागलं. आतल्या पानाफण्यांचं सांगायची गरज नव्हती. त्या आपापल्या सीनच्या फायलीतून येतात.

संध्याकाळी भाऊ पुन्हा आला आणि पडद्यावरची बाग या बांधापासून त्या बांधापर्यंत बघत राहिला. "घड काढायला गाडी कुठून नेशील?" त्याने विचारलं. वाट ठेवलेलीच नव्हती. मधली एक ओळ काढायची तर २६ कंद हुडकून एकेक मिटवावे लागणार होते, कारण आमच्या झाडात 'ओळ' नावाचा नोडच नव्हता. सगळे १,७४२ कंद थेट बागेखाली टांगलेले. पुतणीने कोड वर सरकवला आणि 'बाग' आणि 'कंद' यांच्या मध्ये ६७ ओळी घालायला सुरुवात केली.