त्सेत्से माशी आणि तिच्यामुळे पसरणाऱ्या रोगांचे नियंत्रण

त्सेत्से माशी ही डिप्टेरा गणाच्या ग्लॉसिनिडी कुलातील रक्तशोषक माशी असून ग्लॉसिना हा या कुलातील एकच वंश आज हयात आहे. जाती आणि उपजाती मिळून तिचे सुमारे ३० प्रकार ओळखले जातात व ते जवळजवळ सर्व सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळतात. त्यांचे तीन गट मानतात : गवताळ प्रदेशात राहणारा मॉर्सिटान्स, नदीकाठच्या झाडीत राहणारा पाल्पॅलिस आणि दाट जंगलातला फुस्का. माणसाला होणाऱ्या निद्रारोगाचा बहुतेक प्रसार पाल्पॅलिस गटाकडून होतो, कारण पाणी भरण्याची, कपडे धुण्याची आणि मासेमारीची ठिकाणे याच माशीच्या वस्तीत येतात.

बसलेली माशी ओळखणे सोपे असते. तिचे पंख पाठीवर एकावर एक तंतोतंत मिटलेले असतात आणि सोंड डोक्याच्या पुढे सरळ निघालेली दिसते. नर आणि मादी दोघेही केवळ रक्तावर जगतात. रक्तात ब गटातील काही जीवनसत्त्वे पुरेशी नसतात. ती माशीच्या आतड्यालगत राहणारे विगल्सवर्थिया नावाचे सहजीवी जीवाणू तयार करतात. हे जीवाणू नष्ट केल्यास मादी वांझ होते.

या माशीची खरी विलक्षणता तिच्या प्रजननात आहे. बहुतेक कीटक शेकड्यांनी अंडी घालतात. त्सेत्सेची मादी एका वेळी एकच अंडे परिपक्व करते, ते गर्भाशयातच उबते आणि बाहेर येणारी अळी तेथेच एका ग्रंथीतून स्रवणाऱ्या, मेद व प्रथिनांनी युक्त अशा दुधावर वाढते. वर उल्लेखिलेले जीवाणूही याच दुधातून पुढच्या पिढीत जातात. साधारण नऊ-दहा दिवसांनी मादी सावलीतल्या भुसभुशीत मातीवर अळीला जन्म देते, तेव्हा अळीचे वजन जवळजवळ आईइतके भरते. अळी काहीही न खाता मातीत शिरते, तिची त्वचा कडक व काळपट होऊन कोश बनतो आणि सुमारे महिन्याभरानंतर त्यातून प्रौढ माशी बाहेर पडते. मादी बहुधा आयुष्यात एकदाच समागम करते आणि दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात तिला फार तर आठ-दहा अपत्ये होतात. जननदर इतका कमी असल्यामुळे दररोज माद्यांपैकी सुमारे चार टक्के जादा मारल्या गेल्या, तरी एखाद्या भागातील संख्या शून्याकडे घसरत जाते. डासांच्या बाबतीत असा हिशेब मांडताच येत नाही. नियंत्रणाच्या ज्या पद्धती यशस्वी झाल्या, त्या सर्वांचा आधार हा हिशेबच आहे.

माशी ज्यांचा प्रसार करते ते ट्रिपॅनोसोमा हे एकपेशीय परजीवी होत. स्कॉटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८९५ च्या सुमारास झुलुलँडमधील (आजच्या दक्षिण आफ्रिका देशातील) उबोंबो येथे गुरांच्या नागाना रोगाचा संबंध या परजीवींशी आणि त्सेत्से माशीशी जोडून दाखवला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी युगांडात व्हिक्टोरिया सरोवराकाठी निद्रारोगाची साथ येऊन दोन लाखांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या रोगामागेही हीच माशी असल्याचे सिद्ध झाले. निद्रारोगाचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गॅम्बिएन्स प्रकार महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे रेंगाळतो. आफ्रिका खंडाच्या पूर्व व दक्षिण भागातील ऱ्होडेसिएन्स प्रकार काही आठवड्यांतच गंभीर होतो आणि त्याचा साठा गुरे व वन्य प्राण्यांत असतो. आरंभी ताप, डोकेदुखी आणि मानेच्या मागील गाठींची सूज दिसते. परजीवी मेंदूत पोहोचल्यावर झोपेचे चक्र उलटते, वागणूक बदलते आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. परजीवी आपले बाह्य प्रथिनावरण सतत बदलत राहत असल्यामुळे या रोगावर लस तयार होऊ शकलेली नाही.

भारतात त्सेत्से माशी नाही. मात्र ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा याच वंशातला परजीवी, टॅबॅनस व तत्सम चावऱ्या माश्यांच्या सोंडेला लागलेल्या रक्तावाटे पसरून, घोडे, उंट व गुरांना सर्रा रोग देतो. तो माणसाला सहसा होत नाही, कारण रक्तातील एपीओएल-१ हे प्रथिन त्याला मारते. पण २००४ मध्ये विदर्भातील एका शेतकऱ्याला त्याची लागण झाल्याचे आढळले आणि पुढील तपासात या रुग्णाच्या रक्तात हे प्रथिनच नसल्याचे दिसून आले.

माशीविरुद्धच्या आरंभीच्या मोहिमा ओबडधोबड होत्या. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, माशीचे अन्न तोडण्यासाठी लाखो वन्य प्राणी मारले गेले. इतरत्र झाडी सरसकट तोडली गेली. त्या मानाने प्रिन्सिपे बेटावरील पोर्तुगीज मोहीम कल्पक म्हणावी लागेल : मळ्यातील मजुरांच्या पाठीवर चिकट द्रव्य लावलेले काळे कापड बांधले जाई आणि काम करता करताच माश्या त्यावर अडकत. १९१४ पर्यंत बेट माशीमुक्त झाले, परंतु १९५६ मध्ये माशी पुन्हा आढळली आणि दुसरी मोहीम काढावी लागली. ही अडचण आजही आहे. शेजारच्या पट्ट्यातून माशी परत येऊ शकत असेल, तर निर्मूलन टिकत नाही. झांझिबारच्या उंगुजा बेटावर आधी कीटकनाशकाने माश्यांची संख्या घटवून मग गॅमा किरणांनी वंध्य केलेले नर विमानातून सोडले गेले आणि १९९६ नंतर तेथे रानटी त्सेत्से सापडली नाही. येथे मादीची एकदाच समागम करण्याची सवय उपयोगी पडली, कारण वंध्य नराशी समागम झालेल्या मादीला अपत्ये होत नाहीत. मात्र मुख्य भूमीवर हेच यश मिळवणे कितीतरी कठीण आहे.

सध्या नदीकाठी निळ्या कापडाचे व जाळीचे, २५ बाय ५० सेंटिमीटरचे, डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक लावलेले छोटे पडदे रोवले जातात. निळा रंग माशीला खेचतो आणि पडद्याला स्पर्श होताच ती मरते. चाडमधील मांदूल भागात असे पडदे आणि घरोघरची तपासणी यांची जोड दिल्यावर रोगी झपाट्याने घटले. औषधांतही मोठा पालट झाला. मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त औषध उपचार घेणाऱ्या शंभरांतील सुमारे पाच जणांचा जीव घेत असे. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले फेक्सिनिडाझोल मात्र दहा दिवस तोंडाने घ्यायचे असते. १९९८ मध्ये जवळपास ४०,००० रुग्णांची नोंद झाली होती, ती २०१८ मध्ये हजाराच्या आत आली. उरलेल्या रुग्णांपैकी सर्वाधिक काँगो लोकशाही प्रजासत्ताकात आहेत, आणि गॅम्बिएन्स प्रकाराचा प्रसार २०३० पर्यंत थांबवण्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे.

नागानाच्या बाबतीत अशी प्रगती झालेली नाही. गुरांसाठीची औषधे दशकानुदशके तीच आहेत आणि अनेक ठिकाणी परजीवी त्यांना जुमानत नाहीत. त्यामुळे पशुपालक स्वतःच गुरांच्या पायांवर व पोटावर कीटकनाशक फवारतात. माशी मुख्यतः तेथेच बसत असल्याने कीटकनाशक कमी लागते. पश्चिम आफ्रिकेत एन्दामा ही रोगसहिष्णु गुरेही पाळली जातात, जरी ती आकाराने लहान असतात आणि दूध कमी देतात.