१०९८ : नंबर गेला, 'आउटरीच'चं काय?

संकटातल्या मुलांसाठीच्या 'चाइल्डलाइन' या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर २०२३ साली टप्प्याटप्प्यानं राज्यांच्या महिला व बालविकास खात्यांकडे गेला आणि पोलीस-अग्निशमन-रुग्णवाहिकेसाठीच्या ११२ या तातडीच्या नंबराशी जोडला गेला. त्यावरून अजूनही दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, स्वयंसेवी संस्थांनी पंचवीस-सव्वीस वर्षं उभं केलेलं काम सरकारनं आयतं उचललं. दुसऱ्याचं म्हणणं, मुलांचं संरक्षण ही सरकारचीच जबाबदारी, संस्थांनी ती किती दिवस ओढायची? दोन्ही तट एक गोष्ट विसरतात. हे काम सुरू झालं ते विद्यापीठाचा दर्जा असलेल्या एका शिक्षणसंस्थेच्या विभागात, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे ते कधी ना कधी कुणाच्या तरी हवाली व्हायचंच होतं.

ही मुंबईतली देवनारची संस्था म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस). ती जन्मली १९३६ साली, नागपाड्यात. विद्यापीठाचा दर्जा तिला बऱ्याच उशिरा, १९६४ला मिळाला. पण सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९३७मध्ये, तिनं मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं मानलं जातं. तेव्हा मुंबईत मुलांसाठीचा १९२४चा कायदा होता, डोंगरीला रिमांड होम होतं, त्याच्याही आधीपासूनची सुधारशाळा होती. मूल बिघडलं तर ठेवायचं कुठं, याची सोय झालेली होती. ते का बिघडलं हे विचारायला बसलेलं माणूस मात्र त्या रचनेत नव्हतं.

पुढची चार-पाच दशकं सोडून देतो. १९६०चा केंद्रीय बाल कायदा आणि १९८६चा बाल न्याय कायदा या विषयात रस असणाऱ्यांना ठाऊक आहेत. त्या दोन्हींत मुलगा १६व्या वर्षी मोठा होत असे आणि मुलगी १८व्या, एवढं फक्त लक्षात ठेवू. भारतानं डिसेंबर १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्या करारात मूल म्हणजे, मुलगा असो की मुलगी, साधारणपणे १८ वर्षांखालची व्यक्ती. आपल्या बाल न्याय कायद्यात हे यायला २००० साल उजाडलं.

देवनारच्या संस्थेत 'फील्ड ॲक्शन प्रोजेक्ट' नावाचा प्रकार असतो. वर्गात शिकवायचं ते आधी रस्त्यावर, कोर्टात, चौकीत करून बघायचं. जमलं तर वाढवायचं आणि पुढे सरकारनं किंवा एखाद्या स्वतंत्र संस्थेनं ते चालवावं म्हणून मागे लागायचं. १९८४मध्ये तिनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यात बसणारी समाजकार्यकर्ती पोलीस नव्हती, पण तिचं टेबल पोलिसांच्या आवारात होतं. पुढे तो कक्ष राज्य सरकारनं आपलासा केला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. १९९०मध्ये कोठडीत आणि तुरुंगात असलेल्यांसाठी आणखी एक प्रकल्प निघाला. '१०९८ सरकारकडे जाणं म्हणजे विश्वासघात' असं म्हणणाऱ्यांनी हा पूर्वेतिहास नजरेआड करू नये. पोलिसांच्या शेजारी बसणं आणि काम सरकारच्या हाती सोपवणं, या दोन्हींचा पाया त्याच घरात घातला गेला होता.

१९९६ची गोष्ट मात्र निराळी. तिथल्या कुटुंब व बालकल्याण विभागात शिकवणाऱ्या एका बाईंचा रस्त्यावरच्या आणि स्टेशनावरच्या मुलांशी संबंध आला. मुलांना त्यांचा फोन नंबर मिळाला आणि रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. कुणी आजारी पडलेलं, कुणाला मारलेलं, कुणाला उचलून नेलेलं. एकाच माणसाच्या घरच्या फोनवर हे चालणार नव्हतं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत टोल फ्री नंबर सुरू झाला : एक, शून्य, नऊ, आठ. तो पाठ करायची मुलांची रीत साधी होती, 'दस-नौ-आठ', उलटी मोजणी. शाळेत न गेलेल्या मुलालाही तेवढं येतं.

आज हे सोपं वाटेल, पण तो काळ पीसीओचा, म्हणजे सार्वजनिक फोनबूथचा होता. मुलाच्या हातात फोन नाही, खिशात नाणं नाही, आणि फुकटच्या कॉलवर बूथवाल्याला दमडीही सुटायची नाही. काउंटरवरून 'चल हट' ऐकलं की मूल निघून जाणार. म्हणून नंबर लावून देण्याइतकंच काम होतं बूथवाल्याशी, हमालांशी, चहावाल्याशी ओळख ठेवायचं. फोन आला की तासाभरात कुणीतरी मुलापाशी पोचायचं, असा दंडक होता. जाणाऱ्यांत स्वतः रस्त्यावर वाढलेली तरुण पोरंही असत. कित्येक फोनवर पलीकडून काहीच ऐकू येत नसे. नुसता श्वास, मागं गाडीची अनाउन्समेंट. असे मुके कॉल कापायचे नाहीत, बोलत राहायचं. तेच मूल चौथ्या-पाचव्या खेपेला बोलेल, हा हिशेब.

इथं 'आउटरीच' हा शब्द येतो. समाजकार्याच्या मराठीत 'आउटरीचला जातो' असं सर्रास म्हणतात. शासकीय मराठीत त्याचं भाषांतर कुणी 'संपर्क' करतं, कुणी 'विस्तार'. 'संपर्क' म्हटलं की टेबलावर बसून फोन उचलला तरी चालतो. 'विस्तार' म्हटलं की शेतीखातं आठवतं. आउटरीचला जाणं म्हणजे फोन नसतानाही जाणं : रोज त्याच फलाटावर, त्याच पुलाखाली, काही घडलेलं नसताना जाऊन बसणं. फोनला धावून जाण्याचं बळ त्यातून येतं. मूल नंबर लावतं ते आदल्या आठवड्यात त्याच्याशी गोट्या खेळून गेलेल्या दादाच्या भरवशावर.

हा शब्द कायद्यातही शिरला. २०००च्या बाल न्याय कायद्यानं, मुलाला बालकल्याण समितीपुढे कोण हजर करू शकतो त्या यादीत चाइल्डलाइनचं नाव घातलं. २०१५च्या कायद्यानं कलम २मध्ये तिची व्याख्याच दिली. मराठीत सांगायचं तर, संकटातल्या मुलांसाठीची, त्यांच्यापर्यंत जाऊन पोचणारी, चोवीस तासांची तातडीची सेवा, जी त्यांना लगेचच्या किंवा दीर्घ मुदतीच्या देखभालीशी आणि पुनर्वसनाशी जोडून देते. मूळ इंग्रजीत 'तातडीची' (इमर्जन्सी) आणि 'जाऊन पोचणारी' (आउटरीच) हे दोन शब्द शेजारी-शेजारी बसले आहेत. सगळं भांडण या दोहोंतलं आहे.

तोवर प्रकल्प देवनारच्या आवारात उरला नव्हता. १९९९मध्ये त्यासाठी वेगळी संस्था निघाली, पैसा केंद्राच्या खात्याकडून येऊ लागला, आणि शहराशहरांतल्या स्थानिक संस्थांनी फोन आणि धावपळ दोन्ही अंगावर घेतली. शेवटी शेवटी पाचशेहून अधिक जिल्हे आणि सव्वाशेहून अधिक रेल्वे स्थानकं या जाळ्यात होती. पैसा सरकारचा, काम संस्थांचं, नाव चाइल्डलाइनचं, अशी ही वाटणी. पैसा उशिरा येई, कार्यकर्त्यांचे पगार रखडत आणि मानधन तर सांगायची लाज वाटावी एवढंच. जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना हे सहसा कुणी बोलत नाही.

आणखी एक बदल विसरला जातो. सुरुवातीला फोन त्या-त्या शहरातल्या संस्थेच्या खोलीत वाजे. मोबाइल आल्यावर कॉल इतके वाढले की २०१०नंतरच्या दशकात ते मोजक्या शहरांतल्या कॉल सेंटरांकडे वळवले गेले. फोन उचलणारा एका राज्यात, मूल दुसऱ्या आणि धावणारा तिसऱ्याच ठिकाणी, ही तऱ्हा सरकारनं आणलेली नाही. ती आधीच आली होती.

आता ११२. वादाचा मूळ निर्णय हाच. २०२१च्या सुमारास ही हेल्पलाइन गृहखात्याच्या यंत्रणेकडे जाणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा बालहक्काच्या क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. पुढे २०२२च्या मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत चित्र ठरलं : नंबर १०९८च, पण राज्याच्या महिला व बालविकास खात्याची चोवीस तासांची कंट्रोल रूम, जिल्हा बाल संरक्षण कक्षात हेल्पलाइनचं युनिट, आणि पोलीस-अग्निशमन-रुग्णवाहिका लागली तर ११२. सरकारची बाजू पोकळ नव्हती. मुलावर हल्ला होत असेल तर गाडी पोलिसांकडेच असते. राज्यागणिक कामाचा दर्जा वेगळा होता. मुलांची नाजूक माहिती बाहेरच्या संस्थांच्या हाती किती असावी, हाही मुद्दा पुढे केला गेला.

विरोधाचं कारण एका वाक्याचं होतं : रस्त्यावरचं मूल पोलिसांना घाबरतं. फलाटावर झोपलेल्या पोराला पोलीस म्हणजे काठी, नाहीतर डोंगरी. १९९६चा नंबर त्यानं लावला कारण तो चौकीत वाजत नव्हता. ११२शी जोडणी झाली म्हणजे प्रत्येक कॉल पोलिसांकडे जातो असं नाही, पण मुलाला तो फरक समजावून सांगणार कोण? माझं मत लपवत नाही. जोडणीला माझा आक्षेप नाही. जोडणी करताना हस्तांतराच्या यादीत नंबर, सॉफ्टवेअर आणि जिल्हा युनिटची पदं आली, फलाटावरची ओळख आली नाही. युनिटमध्ये समन्वयक, समुपदेशक, पर्यवेक्षक, केस वर्कर आहेत, बहुतेक कंत्राटी. केस वर्कर केस आली की जातो. केस नसताना पुलाखाली जाऊन बसायचं काम कुणाच्या पदनामात धरायचं? विशेष कक्षाच्या वेळी सरकारनं टेबलही घेतलं आणि टेबलावरची समाजकार्यकर्तीही ठेवली. इथं टेबल नवं आणि माणसंही नवी. जुन्यांतल्या काहींनी पुन्हा अर्ज भरले, बाकीचे दुसऱ्या कामाला लागले.

नावाचा घोळ अजून मिटलेला नाही. योजनेच्या कागदांत आता 'चाइल्ड हेल्पलाइन' लिहितात, बोलताना लोक 'चाइल्डलाइन'च म्हणतात. आणि २०१५च्या कायद्याच्या कलम २मधल्या २५व्या उपकलमात संसदेनं लिहून ठेवलेलं नाव 'चाइल्डलाइन सेवा' हेच आहे, त्यातल्या 'आउटरीच'सकट.