पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचतं का?

‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना मुक्कामाचं शहरच विमानाकडे सरकत येतं आणि प्रवास लवकर संपतो’, असा मजकूर अनेक वर्षं फिरतो आहे. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. धावपट्टीवर उभं असतानाही त्याला तो वेग असतोच.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दिल्ली-टोकियो अंतर जवळपास 5,900 किलोमीटर. या पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात जपानवर त्यांचा वेग ताशी 300 किलोमीटरपुढेही जातो. म्हणून टोकियोला जाताना वेळ कमी लागतो, परतताना जास्त. म्हणजे समजुतीच्या नेमकं उलट!

मग गैरसमज कुठून आला? बहुधा घड्याळातून. टोकियो साडेतीन तास पुढे आहे. समजा, विमान तिथून सकाळी 11ला निघून दिल्लीत संध्याकाळी 5ला उतरलं. तिकिटावर सहा तास दिसतात, प्रत्यक्षात साडेनऊ झालेले असतात.

कुठल्याही वेळापत्रकात जाण्या-येण्याचा ‘एकूण कालावधी’ शेजारी-शेजारी ठेवून पाहा. हिवाळ्यातला पाहिलात तर फरक ठळक दिसेल.