डेटाची आयात-निर्यात : कोकणातल्या जुन्या नोंदींची पार्श्वभूमी

रत्नागिरीत ‘एक्स्पोर्ट’ म्हटले की आधी हापूसची पेटी आठवते. पतसंस्थेच्या किंवा मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत मात्र तो शब्द सभासद-यादी एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी वापरला जातो. त्या वेळी येणाऱ्या अडचणींचे मूळ बहुधा नव्या सॉफ्टवेअरमध्ये नसून डॉसच्या, म्हणजे विंडोजपूर्वीच्या संगणक-प्रणालीच्या, काळातल्या निर्णयांत असते.

त्या काळी हिशेब आणि याद्या डीबेस किंवा फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रामांमध्ये, म्हणजे त्यांच्या डीबीएफ फाइलीत ठेवल्या जात. तिची रचना साधी होती. प्रत्येक रकान्याची रुंदी आधीच ठरलेली असे, रकान्याचे नाव १० अक्षरांत बसवावे लागे आणि तारीख ८ अंकांत लिहिली जाई. या साधेपणामुळेच इतर प्रोग्राम ती फाइल सहज वाचू शकत. मात्र ‘डिलीट’ केलेली नोंद प्रत्यक्षात पुसली जात नसे. तिच्यापुढे फक्त तारांकन पडे आणि ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत ती फाइलीतच राही. ती खूण न पाहणाऱ्या प्रोग्रामने आयात केली, तर राजीनामा दिलेले सभासदही नव्या यादीत हजर होत.

स्वल्पविरामाने रकाने तोडलेली सीएसव्ही फाइल याहून सोपी वाटली, पण तिचे सर्वमान्य वळण आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून निघाले ते २००५ मध्ये. तोवर ‘मु. पो. नेवरे, ता. जि. रत्नागिरी’ हा पत्ता अवतरणचिन्हांत ठेवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवले. न ठेवल्यास तालुका पुढच्या रकान्यात सरकतो आणि त्यामागची सगळी ओळ सरकते.

खरा वाद अक्षरांचा होता. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की मानक आणि जगभरच्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालची. परंतु विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय विंडोज २००० पासून आली. मधल्या काळात बहुतेकांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरले. त्यांत अर्ध्या अक्षराला वेगळी जागा असे, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई, आणि प्रत्येक फॉन्टनिर्मात्याचा तक्ता निराळा असे. छपाई सुबक होई. संगणकाच्या लेखी मात्र ते सारे निरर्थक इंग्रजी होते, त्यामुळे अकारविल्हे यादी कधीच नीट लागत नसे.

डेटा नव्या प्रणालीत नेताना दोन मते पडत : मजकूर जसाच्या तसा उचलून तोच फॉन्ट पुढे लावावा, किंवा आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून, नावे डोळ्यांखालून घालून मगच आयात करावी. ३१ मार्चचा ताळेबंद तोंडावर असताना पहिले मत जिंकणे स्वाभाविक होते, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते तीच चूक होती, कारण पुढच्या प्रत्येक स्थलांतरात तोच गोंधळ नव्याने सोडवावा लागला आणि दरम्यान फॉन्टचा मूळ तक्ता जाणणारी माणसे कचेरीतून निवृत्त झाली. काहींनी नावे इंग्रजीत लिहून सुटका करून घेतली. ती परत मराठीत आणताना कऱ्हाडे यांचे कर्हाडे किंवा करहाडे झाले.

रूपांतरानंतरही प्रश्न संपत नाही. युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणीचे एकक) घेते. ‘रत्नागिरी’ या शब्दात काना, वेलांट्या आणि हलन्त धरून ९ चिन्हे आहेत, म्हणजे २७ बाइट. २० बाइटांच्या जुन्या रकान्यात तो शब्द मध्येच तुटतो. शिवाय कऱ्हाडेमधला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एका पद्धतीने लिहिलेला सभासद दुसऱ्या पद्धतीने सापडत नाही.

अलीकडे या साऱ्यात स्प्रेडशीटची भर पडली आहे. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, त्यामुळे सर्व्हे नंबरापुढे हिस्सा नंबर येतोच. सीएसव्हीतला ५/१२ हा नंबर एक्सेलमध्ये नुसता उघडला तरी त्याची तारीख होते, आणि फाइल तशीच जतन केली की मूळ नंबर फाइलीतून नाहीसा होतो. तो रकाना ‘मजकूर’ म्हणून आयात करण्याची सोय त्यात पूर्वीपासून आहे. फाइलीवर दोनदा क्लिक करणाऱ्याला ती दिसत नाही.