किंडल स्क्राइब की रिमार्केबल २?

किंडल स्क्राइब आणि रिमार्केबल २ ही पेनाने लिहिता येणारी ई-वाचन उपकरणे शेजारी ठेवली तर फरक चटकन लक्षात येत नाही. दोहोंची स्क्रीन ई-इंकची, म्हणजे छापील कागदासारखी दिसणारी, आणि साधारण १० इंची असते, दोहोंच्या पेनाला चार्जिंग लागत नाही आणि लिहिताना तळवा टेकला तरी रेघ उमटत नाही. तरीही २०२० साली आलेले रिमार्केबल २ मुळात वही आहे, तर २०२२ सालचे स्क्राइब मुळात पुस्तक आहे.

वाचनाच्या बाबतीत स्क्राइब सरस आहे. त्याच्या स्क्रीनला स्वतःचा दिवा आहे. रिमार्केबल २ ला तो नाही, त्यामुळे रात्री टेबललॅम्प हवाच. स्क्राइबवर इंचाला ३०० ठिपके बसतात, रिमार्केबल २ वर २२६. बारीक टाइपातले रफार आणि अनुस्वार वाचताना हा फरक जाणवू शकतो.

समासात लिहायला घेतले की चित्र पालटते. किंडलच्या दुकानातून घेतलेल्या पुस्तकाच्या पानावर सुरुवातीला थेट लिहिताच येत नसे. शब्दाला चिठ्ठी जोडून तिच्यात लिहावे लागे. पुढे यात सुधारणा झाली, पण अडचण मुळातली आहे: अक्षरांचा आकार बदलला की मजकूर सरकतो, आणि हाताने केलेल्या खुणेने जावे कुठे? रिमार्केबल ईपब या प्रकारच्या ई-पुस्तकाच्या पानावर हवे तिथे लिहू देते खरे, मात्र नंतर अक्षर मोठे केले तर ‘परंतु’खाली ओढलेली रेघ भलत्याच शब्दाखाली दिसते. पीडीएफमध्ये पान ठरलेले असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही, आणि तिथे दोन्ही उपकरणांवर थेट लिहिता येते.

ज्यांचे वाचन मुख्यतः विकत घेतलेल्या पुस्तकांचे आहे त्यांनी स्क्राइब घ्यावे. ज्यांना बैठकीत किंवा वर्गात पानेच्या पाने लिहायची आहेत त्यांना रिमार्केबल अधिक मानवेल, कारण त्याच्या किंचित खरखरीत काचेवर पेन घसरत नाही.

मात्र स्कॅन केलेली ए-४ आकाराची पाने वाचायची असतील, तर माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत आणि १३.३ इंची स्क्रीनच पाहावी. १० इंची स्क्रीन जेमतेम ए-५ कागदाएवढी असते. तिच्यावर अख्खे ए-४ पान बसवले तर १२ पॉइंटचे अक्षर साडेआठवर येते. खरेदीपूर्वी झेरॉक्सच्या दुकानात आपल्या नेहमीच्या दस्तऐवजाचे एक पान ७० टक्के आकारात काढून घ्यावे आणि ते चष्मा लावून दहा मिनिटे वाचून पाहावे.